ब्रह्मदेशाला लोकशाही मानवत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून

रत्नागिरीत राहून राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला थिबा राजवाड्याविषयी प्रश्न येणार, हे ओघानेच आले. घरी पाहुणे आले की मी त्यांना राजवाड्यावर घेऊन जातो, १८८५ साली इंग्रजांनी मंडालेच्या गादीवरून उतरवलेल्या आणि पुढल्या वर्षी इथे आणून ठेवलेल्या राजाची हकीगत सांगतो, १९१६ साली तो इथेच वारला हेही सांगतो. मग उतारावरून खाली येताना कोणीतरी विचारतेच: ‘सर, त्या देशात अजूनही लष्कराचेच राज्य आहे ना? इतकी आंदोलने झाली, निवडणुका झाल्या, नोबेल पारितोषिकसुद्धा मिळाले, तरी पुन्हा तेच. काही देशांना लोकशाही मानवतच नाही, असे नाही का वाटत तुम्हाला?’

नाही, मला तसे वाटत नाही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो, तरीही हा प्रश्न मला लागतो. ब्रह्मी जनतेला ज्या ज्या वेळी बऱ्यापैकी मोकळेपणाने मत देता आले, त्या १९६०, १९९०, २०१५ आणि २०२० या चारही निवडणुकांत तिने लष्कराच्या मनात नसलेल्या पक्षाला निवडून दिले. १९९० साली लोकशाही चळवळीच्या नेत्या, पुढे नोबेल मिळालेल्या आंग सान स्यू की स्वतः नजरकैदेत असताना त्यांच्या पक्षाला ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या. २०२० साली संसदेच्या ४७६ निर्वाचित जागांपैकी ३९६ मिळाल्या. याहून अधिक स्पष्ट कौल कोणत्या जनतेने द्यावा? लोकांनी आपले काम केले आहे. गाडे अडले आहे ते लष्करापाशी, आणि ते लष्कर असे का घडले हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते. (‘म्यानमार’ हे नाव १९८९ साली लष्करी राजवटीने लोकांना न विचारता इंग्रजीतही लागू केले. लोकमान्य १९०८ ते १९१४ या काळात ज्या देशाच्या तुरुंगात होते, त्याला मराठीत ब्रह्मदेश म्हणतात आणि मीही तेच म्हणतो.)

ब्रह्मदेशाचे लष्कर त्या देशाच्या स्वातंत्र्याहून वयाने मोठे आहे. स्यू की यांचे वडील आंग सान आणि त्यांचे सहकारी, ज्यांना तिथे ‘तीस साथी’ म्हणतात, जपान्यांकडून हैनान बेटावर युद्धशिक्षण घेऊन आले आणि डिसेंबर १९४१ मध्ये बँकॉकमध्ये त्यांनी ब्रह्मी स्वातंत्र्यसेना उभी केली. हे विद्यार्थी आणि राजकीय कार्यकर्ते होते; बंदूक त्यांच्या हातात राजकारणातूनच आली. मार्च १९४५ मध्ये हीच सेना जपान्यांवर उलटली. पुढे जानेवारी १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा, हे राष्ट्र आपण जन्माला घातले, अशी या सैन्याची श्रद्धा झालेली होती. आपल्याकडे नेमके उलटे घडले. आपले सैन्य इंग्रजांच्या अमदानीतून जसेच्या तसे आले, स्वातंत्र्याच्या राजकारणापासून ते दूर होते, आणि आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना स्वतंत्र भारताने आदर दिला, पण सैन्यात परत घेतले नाही. दिल्लीतला सरसेनापतींचा बंगला पंतप्रधानांचे निवासस्थान झाला आणि १९५५ साली सरसेनापती हे पदच रद्द झाले. गावोगावी पोहोचलेला एक पक्ष आपल्याकडे होता. ब्रह्मदेशात आंग सान यांच्याभोवती असा पक्ष तयार होत होता, पण १९ जुलै १९४७ रोजी मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना त्यांची आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांची हत्या झाली. आंग सान तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते.

त्यांच्या मागे जे अर्धवट राहिले, त्यातच माझ्या उत्तराचा गाभा आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशाचे दोन देश करून ठेवले होते: नदीकाठचा सपाट प्रदेश, जिथे देशातला बहुसंख्य बर्मन समाज राहतो, एका कारभाराखाली आणि भोवतालचा डोंगराळ सीमाप्रदेश दुसऱ्या. सैन्यात त्यांनी करेन, काचिन, चिन लोकांची भरती केली आणि बर्मनांना फार थोडी जागा दिली. फेब्रुवारी १९४७ मध्ये आंग सान यांनी पांगलाँग येथे शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला आणि अंतर्गत कारभाराच्या स्वायत्ततेचे वचन दिले. पुढे राज्यघटनेत शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर संघातून बाहेर पडण्याचा हक्कही मिळाला. मात्र वचन देणारा माणूस गेला आणि वचनावर विश्वास ठेवणाऱ्यांचा धीर सुटला. १९४८ साली साम्यवाद्यांनी बंड केले, १९४९ च्या आरंभी करेन बंडखोर रंगूनच्या वेशीवर इन्सेनपर्यंत येऊन ठेपले, आणि करेन असलेल्या सेनापतीला दूर करून ने विन सैन्याचे प्रमुख झाले. ने विन तीस साथींपैकीच एक होते. त्या दिवसापासून या लष्कराने मुख्यत्वे आपल्याच देशबांधवांशी युद्ध केले आहे. परक्या शत्रूशी लढणारे सैन्य युद्ध संपल्यावर छावणीत परतते. इथे युद्ध संपलेच नाही आणि छावणी हेच शासन झाले.

१९५८ साली सत्तारूढ आघाडी फुटली, तेव्हा पंतप्रधान यू नू यांनी ने विन यांच्या हाती ‘काळजीवाहू’ म्हणून कारभार सोपवला. १९६० साली निवडणूक घेऊन लष्कराने तो परतही केला, पण देश चालवण्याची चव अधिकाऱ्यांना लागली होती. १९६२ च्या आरंभी यू नू यांनी अल्पसंख्य वांशिक गटांच्या नेत्यांना रंगूनमध्ये बोलावले आणि संघराज्याच्या फेरमांडणीवर रीतसर चर्चा सुरू केली. ती चालू असतानाच २ मार्चच्या पहाटे रणगाडे रस्त्यावर आले. देश फुटू नये म्हणून हे करावे लागले, असे सांगण्यात आले. जुलै महिन्यात रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवण्यात आली. इंग्रजांविरुद्धच्या चळवळीचे नेते जिथे घडले ती ही वास्तू होती, आणि ती पाडणारेही त्याच चळवळीतून आलेले होते.

पुढच्या २६ वर्षांच्या हुकूमशाहीविषयी मी फार लिहीत नाही. दुकाने आणि कारखाने सरकारजमा झाले, लाखो भारतीय रिकाम्या हातांनी परतले, आणि १९८७ साली २५, ३५ आणि ७५ क्यातच्या (क्यात हे तिथले चलन) नोटा काहीही मोबदला न देता रद्द झाल्या तेव्हा लोकांची आयुष्यभराची पुंजी एका दिवसात गेली. त्यातूनच ८ ऑगस्ट १९८८ चा उठाव उभा राहिला. तो सप्टेंबरमध्ये चिरडला गेला आणि हजारो माणसे मारली गेली.

माझ्या अभ्यासात मला सर्वांत अस्वस्थ करून गेली ती या लष्कराची लोकांपासूनची फारकत. सैनिकांच्या कुटुंबांच्या वसाहती वेगळ्या, रुग्णालये वेगळी, बँक वेगळी. १९९० च्या दशकात लष्कराने दोन मोठे उद्योगसमूह उभारले, ज्यांचा व्यवहार बिअर, तंबाखू, बंदरे आणि मौल्यवान रत्ने इथपर्यंत पसरला. त्यांतल्या एकाचे भाग अधिकारी आणि पलटणी यांच्याच नावावर असतात. नोकरशाहीला पगारासाठी आणि करांसाठी जनतेची थोडीतरी गरज भासते. ज्याचे उत्पन्न जेडच्या खाणींतून येते, त्याला ती गरजही उरत नाही. आपले उत्पन्न, आपला समाज आणि आपली राष्ट्रकथा स्वतःजवळ बाळगणाऱ्या संस्थेवर केवळ मतपेटीचा दबाव फारसा पडत नाही, आणि २००५ साली राजधानी रंगूनहून उचलून नेपिडोच्या माळावर नेल्यावर तर मोर्च्यांचा आवाजही तिच्या कानापर्यंत जाणे कठीण झाले.

मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळात इरावती खोऱ्यात सुमारे १,३८,००० माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. वादळाला दहा दिवसही झाले नव्हते, प्रेते पाण्यात तरंगत होती, बाहेरून येणारी मदत अडवून ठेवलेली होती, आणि १० मे रोजी देशाच्या बहुतेक भागांत नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आले. ९२ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला, असे जाहीर झाले. संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला, महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मते, आणि संरक्षण, गृह व सीमाव्यवहार ही तीन खाती सरसेनापतींच्या माणसांकडे, अशी ती घटना होती. इंडोनेशियातही सुहार्तोंच्या काळात संसदेत लष्कराच्या राखीव जागा होत्या, पण १९९८ साली ती राजवट कोसळल्यावर लष्करातल्याच काही वरिष्ठांनी माघार घेणे पसंत केले आणि २००४ पासून त्या जागा उरल्या नाहीत. असा दुभंग ब्रह्मी सेनाधिकाऱ्यांत कधीच पडला नाही.

त्या घटनेतल्या फटी शोधून काढणारा एक माणूस होता, को नी नावाचे वकील. २०१५ ची निवडणूक जिंकूनही परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलांमुळे स्यू की यांना राष्ट्राध्यक्ष होता येत नव्हते, तेव्हा ‘राज्य समुपदेशक’ हे पद को नी यांच्या कल्पनेतून आले. २९ जानेवारी २०१७ रोजी रंगून विमानतळाबाहेर, नातवाला कडेवर घेतलेले असताना, को नी यांची गोळी झाडून हत्या करण्यात आली. मारेकऱ्याचा पाठलाग करणारा एक टॅक्सीचालकही मारला गेला. त्याच वर्षी ऑगस्टपासून लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये स्यू की वंशसंहाराच्या आरोपावर हेगच्या न्यायालयात आपल्या देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. ते दृश्य मी विसरू शकत नाही. ज्या लष्कराने त्यांची पंधरा वर्षे कैदेत घालवली, त्याच्या कृत्यांचा बचाव त्या करत होत्या, आणि लष्कराच्या सत्तेचे मूळ असलेली बर्मन व बर्मनेतर ही दरी त्यामुळे आणखी खोल झाली.

डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे आणि सरसेनापती मिन आँग ह्लाइंग आदरांजली वाहायला रत्नागिरीला आले होते. हे लष्कर स्वतःला जुन्या राजांचे वारस समजते; नेपिडोच्या संचलन मैदानावर तीन राजांचे अवाढव्य पुतळे उभे आहेत. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, नवी संसद भरणार होती त्याच दिवशी, रत्नागिरीच्या त्या दोन पाहुण्यांपैकी म्यिंट स्वे यांनी आणीबाणी पुकारली आणि मिन आँग ह्लाइंग यांनी सत्ता हाती घेतली.

त्यानंतर जे घडले ते १९८८ हून वेगळे होते. सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी काम नाकारण्यापासून सुरुवात केली, रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजू लागली, कारण तिथे भूतबाधा घालवायला भांडी वाजवतात. गोळीबार सुरू झाल्यावर शहरातली बर्मन मुले करेन, करेन्नी आणि काचिन डोंगरांत गेली आणि ज्यांना शाळेत देशद्रोही म्हणून शिकवले होते त्यांच्या आश्रयाने राहू लागली. जून २०२१ मध्ये असंख्य तरुणांनी काळे कपडे घालून रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. ऑक्टोबर २०२३ नंतर शान राज्यात लष्कराच्या चौक्या एकामागून एक पडल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राजवटीला सक्तीची भरती जाहीर करावी लागली. या युद्धात गावे जळत आहेत, आणि विरोधकांकडूनही अत्याचार झाले आहेत, हे मी दडवणार नाही.

पण त्या डोंगरांत लढाईबरोबर आणखी एक काम चालू आहे. कोणत्या राज्याला किती अधिकार, कोणाचे सैन्य कोणाच्या हुकमाखाली, रोहिंग्यांना नागरिकत्व कसे द्यायचे, यावर वेगवेगळ्या गटांचे प्रतिनिधी एकत्र बसतात, भांडतात, उठून जातात आणि पुन्हा येतात. १९६२ साली रंगूनमध्ये रणगाड्यांनी थांबवलेली बोलणी हीच आहेत.