न उघडलेला खोका

न्यू जर्सीत हार्डवुड फ्लोअरिंगविषयीच्या, म्हणजे घरातल्या लाकडी जमिनीविषयीच्या, तक्रारींची तपासणी करणे हा माझा व्यवसाय आहे. घरमालक डीलरकडे तक्रार करतो, डीलर ती उत्पादक कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी माझ्यासारख्या प्रमाणित इन्स्पेक्टरला त्या घरी धाडते. आमचे प्रशिक्षण नॅशनल वुड फ्लोअरिंग असोसिएशनसारख्या संस्थेकडे झालेले असते आणि अहवालावर सही आमची असते, परंतु बिल निघते ते कंपनीच्या नावे. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढची सगळी हकिकत तिच्याभोवतीच फिरते.

फेब्रुवारी महिन्यात एडिसनजवळच्या एका घराची तक्रार माझ्याकडे आली. दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या ओळखपत्रावरचे आडनाव वाचले आणि थेट मराठीत म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही आपल्यातलेच की! या, आधी चहा घ्या." मी बूट काढत म्हणालो, "काकू, आज मी कंपनीकडून आलोय. आधी काम होऊ द्या, चहा मग बघू." त्यांना ते फारसे रुचले नसावे, पण मागे उभ्या असलेल्या काकांनी मान डोलावली. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात काका अनेक वर्षे नोकरीला होते आणि निवृत्तीनंतर दोघे मुलाकडे राहायला आले होते, हे मला मागाहून समजले. मान डोलावण्याचा अर्थ तेव्हा लागला.

घराच्या पहिल्या मजल्यावर, म्हणजे आपल्याकडच्या तळमजल्यावर, सुमारे नऊशे चौरस फूट भागात व्हाइट ओक लाकडाचे इंजिनिअर्ड (प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा थर चिकटवलेले) फ्लोअरिंग बसवलेले होते. पाच इंच रुंदीच्या फळ्या, गडद तपकिरी रंग, वर मंद चमकेचे फिनिश, म्हणजे संरक्षक लेप, आणि खाली प्लायवूडचा सबफ्लोर, म्हणजे फळ्यांखालचा पाया. तीन वर्षांपूर्वी माल आणि मजुरी मिळून साडेतेरा हजार डॉलर मोजले होते आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत पन्नास वर्षांची वॉरंटी छापलेली होती. दुसऱ्याच हिवाळ्यात फळ्यांच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा दिसू लागल्या. मी गेलो तोवर त्या बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत पसरल्या होत्या. काही ठिकाणी चिरेची कड इतकी उचलली गेली होती की मोजे घालून चालताना धागा अडकत असे, आणि काकूंनी सोफ्याजवळची एक जागा चिकटपट्टी लावून झाकून टाकली होती.

कंपनीने फोटो पाहून पहिली तक्रार फेटाळली होती. पत्रात दोन कारणे होती. घरातील हवेची सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखलेली नाही, हे एक, आणि फ्लोअरिंग ओल्या पद्धतीने स्वच्छ केले जाते, हे दुसरे. दुसऱ्या कारणाचा उगम काकूंच्याच प्रामाणिकपणात होता. ग्राहक सेवेच्या फोनवर "तुम्ही जमीन कशी साफ करता" असे विचारल्यावर त्यांनी "रोज पुसते" असे सरळ सांगितले होते. आपल्या घरांत केर काढला की फरशी पुसायची, हा नेमच असतो. त्यात काही कबूल करण्यासारखे आहे, असे त्यांच्या मनातही आले नाही. प्रत्यक्षात त्या घट्ट पिळलेले मायक्रोफायबरचे फडके वापरत होत्या, पण फाइलमध्ये नोंद झाली ती ओल्या मॉपची.

आता पाण्याने खराब झालेले लाकूड आपली खूण लपवत नाही. पाणी सांध्यातून आत शिरते, फळीच्या कडा फुगतात आणि उंचावतात, सांध्याजवळचे फिनिश पांढुरके पडते किंवा सोलवटते, आणि सिंकजवळ किंवा बागेच्या दाराशी ही लक्षणे सर्वांत जास्त दिसतात. मी सहा फुटी सरळ पट्टी फळ्यांवर आडवी ठेवून जागोजागी पाहिले. कडा उंचावलेल्या नव्हत्या. सिंकसमोरच्या फळ्यांवर चिरा होत्या, पण पलंगाखालच्या फळ्यांवर होत्या त्यापेक्षा त्या जास्त नव्हत्या, आणि पलंगाखाली फडके क्वचितच पोचत असणार. शिवाय बहुतेक चिरा फळीच्या कडेला नव्हत्या, मधोमध होत्या.

कोरड्या हवेचे कारण मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. इथल्या हिवाळ्यात बाहेरची गोठलेली हवा फर्नेसने, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीने, तापवली की घरातील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते, लाकूड आक्रसते आणि त्याला खरोखरच भेगा पडतात. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी अनेकींत घरमालकाचेच चुकलेले असते आणि तसे मी लिहितोही. परंतु हवा फार कोरडी झाली की फक्त चिरा पडत नाहीत, फळ्यांमध्ये फटीही पडतात, आणि गरम हवेच्या झडपांभोवती नुकसान सर्वांत जास्त होते. या घरात फटी पडलेल्या नव्हत्या. माझ्या यंत्रावर आर्द्रता ३९ टक्के भरली, फळ्यांमधील ओलावा साडेसात टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत होते. फर्नेसला हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर जोडलेला होता आणि त्याचे पॅड बदललेले होते.

एवढ्यात काकांनी एक वही आणली. फ्लोअरिंग बसवल्या दिवसापासून स्वयंपाकघरातील आर्द्रतामापकाची सकाळची आणि रात्रीची नोंद त्यांनी तारखेनिशी, रेघा मारून, निळ्या शाईने केलेली होती. ३५ च्या खाली गेलेले आकडे लाल शाईत होते, आणि ते मोजकेच होते. "कंपनीला याच्या प्रती पाठवल्या होत्या," काका म्हणाले, "त्यांनी लिहिलं की घरमालकाने स्वतः केलेल्या नोंदी ग्राह्य नाहीत. मग कोणी करायच्या होत्या? त्यांनी माणूस ठेवला होता का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वॉरंटी घरमालकावर आर्द्रता राखण्याची अट घालते, पण ती राखल्याचा कोणता पुरावा चालेल हे कुठेच सांगत नाही.

मला भरून द्यायचा कंपनीचा फॉर्म पाहिला तर या प्रकाराची गोम कळते. त्यात घरातील तापमान विचारलेले असते, आर्द्रता, सबफ्लोरचा ओलावा, ह्युमिडिफायर आहे का, बेसमेंट ओलसर आहे का, साफसफाई कशाने करतात, घरात कुत्रा आहे का, हेही विचारलेले असते. फळीचा वरचा थर किती जाडीचा आहे, तो कसा कापला आहे, फिनिशखाली काय दडले आहे, याविषयी एकही रकाना नसतो. तपासणी घराची होते, मालाची होत नाही. ज्या गोष्टीची चौकशीच झालेली नाही ती अहवालात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि मग निष्कर्ष आपोआप घराच्या हवेवर येऊन ठेपतो. यात कोणी खोटे बोललेले नसते, हे विशेष.

मी काकांना विचारले, "फळ्या उरल्या होत्या का?" फ्लोअरिंग मागवताना कापाकापीत वाया जाणाऱ्या मालासाठी थोडा जास्त माल घेतात आणि त्यातला एखादा खोका बहुधा शिल्लक राहतो. काका म्हणाले, "बेसमेंटमध्ये एक आहे. उघडलेलाही नाही."

त्या खोक्यापाशी माझा सर्वांत जास्त वेळ गेला. तो लाकडी मांडणीवर, जमिनीपासून वर, मूळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. बेसमेंटमध्ये आर्द्रता ५० टक्क्यांच्या थोडी वर होती, म्हणजे या फळ्यांना वरच्या मजल्यावरची कोरडी हवा लागलेलीच नव्हती, फडक्याचा तर संबंधच नाही. मी आधी लेबलाचा फोटो घेतला. त्यावरचा उत्पादन क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळत होता. मग मोबाइलवर चित्रीकरण सुरू ठेवून काकांना खोक्याची बांधपट्टी कापायला सांगितले. वरून पाहता फळ्या नव्याकोऱ्या आणि निर्दोष दिसत होत्या. टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरला, तेव्हा फिनिशखाली तंतूंच्या दिशेने गेलेल्या बारीक सावल्या उमटल्या. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून त्या चिरा असल्याचे स्पष्ट दिसले. काही ठिकाणी त्या फिनिशने भरून गेल्या होत्या, म्हणजे फिनिश चढण्यापूर्वीच त्या तिथे होत्या. मग एका फळीचे टोक कापून ताज्या छेदावर शाई लावली आणि पुसून काढली. वरच्या थरात तिरप्या, जवळजवळ सारख्या अंतरावरच्या काळ्या रेषा उभ्या राहिल्या. काका भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "हा माल आमच्याकडे गेटबाहेर गेला नसता."

त्या रेषांचे कारण कारखान्यात असते. इंजिनिअर्ड फळीत खाली प्लायवूडचे आडवे-उभे थर असतात आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेला असतो. या मालात तो दोन मिलिमीटर होता. हा थर करवतीने कापता येतो, पात्याने तासता येतो किंवा ओंडका फिरवत ठेवून पेन्सिलच्या सालपटासारखा सोलून काढता येतो. करवतीत लाकूड भुशात जाते म्हणून ते महाग पडते. पात्याने काढलेला थर मात्र निघता निघता वाकतो आणि पात्याकडच्या बाजूला त्याला बारीक चिरा पडतात. ओंडका पुरेसा वाफवलेला नसेल किंवा पात्यासमोरच्या दाबपट्टीचा दाब कमी असेल तर त्या खोल जातात. त्यातही ही चिरलेली बाजू वर ठेवून थर चिकटवला, तर फिनिश त्यांना काही काळ झाकते इतकेच. पुढे कोणत्याही सर्वसाधारण घरातील उन्हाळा-हिवाळ्याच्या फरकाने त्या उघडतात. हवा निमित्तमात्र असते, दोष आधीच आत असतो.

मी फॉर्म भरला, आणि फॉर्मला जागा नव्हती म्हणून स्वतंत्र पाने जोडून खोक्यातील फळ्यांचे फोटो, शाईचा छेद आणि निष्कर्ष दिला: चिरा उत्पादनातील दोषामुळे आहेत, घरातील परिस्थितीमुळे नाहीत. चहा त्या दिवशी झाला, पण सगळे सामान गाडीत ठेवून झाल्यावर.

यानंतर कंपनी माल बदलून देईल, असे काकूंना वाटले होते. काकांना तसे वाटत नव्हते, आणि आलेले पत्र त्यांच्या बाजूचे निघाले. पन्नास वर्षांची वॉरंटी ही केवळ फिनिश झिजून लाकूड उघडे पडण्याविरुद्ध आहे, असे त्यात म्हटले होते. लाकडाच्या दोषांसाठी वेगळे कलम होते आणि त्यात पाच टक्क्यांपर्यंत सदोष माल धंद्याच्या रीतीप्रमाणे मान्य धरलेला होता. त्याहीपुढे, बसवलेली फळी ही स्वीकारलेली फळी समजली जाईल, कारण बसवण्यापूर्वी प्रत्येक फळी पाहून घेणे ही ग्राहकाची आणि इन्स्टॉलरची जबाबदारी आहे. भिंगाशिवाय न दिसणारा दोष बसवण्यापूर्वी कसा पाहावा, हे पत्रात नव्हते. तरीही सद्भावना म्हणून कंपनी डोळ्यांना दिसणाऱ्या खराब फळ्यांपुरता नवा माल द्यायला तयार होती. मजुरी वगळून, तो रंग बंद झाल्यामुळे त्याच्याशी मिळत्याजुळत्या रंगात, आणि यापुढे कोणताही दावा करणार नाही अशा करारावर सही घेऊन. जुन्या फळ्या उखडणे, सामान हलवणे आणि नव्या बसवणे यांचा खर्च मालापेक्षा फारसा कमी नसतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

काकांनी सही केली नाही. मुलाने वकील गाठला, आणि वकिलाने छापील वॉरंटीवर वाद घालण्यात वेळ न घालवता तिच्या पलीकडच्या हक्कावर बोट ठेवले. विकलेला माल ज्या कामासाठी विकला त्या कामाला योग्य असला पाहिजे, ही हमी इथला व्यापारी कायदा कागदावर लिहिलेली नसली तरी गृहीत धरतो. जी कंपनी ग्राहकाला लेखी वॉरंटी देते तिला ही न लिहिलेली हमी साफ नाकारता येत नाही, असे मॅग्नसन-मॉस हा १९७५ चा केंद्रीय कायदा सांगतो. मात्र अशा दाव्याची मुदत साधारणपणे माल हाती आल्यापासून चार वर्षे असते, खोक्यावर पन्नास लिहिलेले असले तरी. फोटो पाठवा, पुन्हा पाठवा, फॉर्म भरा, एक हिवाळा थांबून पाहा, अशा पत्रव्यवहारात त्यातली बरीचशी मुदत निघून गेली होती. तक्रारदारांना मी स्वतःहून सल्ला देत नाही, पण कोणी विचारलेच तर ही चार वर्षांची गोष्ट मी सर्वांत आधी सांगतो.

न्यू जर्सीच्या न्यायालयात वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे तुलनेने सोप्या पद्धतीने चालवणारा वेगळा विभाग आहे. तिथे दावा दाखल करण्याचा मसुदा पाठवल्यावर, तो दाखल होण्याआधीच, कंपनीने मालाची पूर्ण किंमत आणि डीलरने मजुरीचा काही भाग देऊन तडजोड केली. आकडा काकांनी मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. तडजोडीनंतर त्यांनी स्वयंपाकघरात टाइल घातली आणि बाकीच्या खोल्यांत करवतीने कापलेल्या थराचे फ्लोअरिंग घेतले. त्याचा नमुना काकांनी दुकानातच टॉर्च आडवा धरून तपासला, असे डीलरने मला नंतर थोड्या वैतागाने सांगितले.

उरलेला खोका असेल तर उघडून पाहिल्याशिवाय मी आता कोणताही अहवाल देत नाही. त्या कंपनीकडून मला पुन्हा काम आलेले नाही. तो डीलर मात्र अजून बोलावतो.