आईच्या औषधांची बॅग

आज अख्खा दिवस आईची औषधं भरण्यात गेला. परवा तिचं विमान आहे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवल्या. स्ट्रिप कापली की नेमकं नाव नाहीतर एक्स्पायरीच जाते. डॉक्टरांकडून चिठ्ठी नव्याने घेतली, जेनेरिक नावं घालून, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं.

इन्सुलिन मात्र हातातल्या बॅगेतच! विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

कुणी जपानला निघालं असेल तर सर्दीच्या गोळ्याही तपासा. 10 टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) असलेलं औषध तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही.

"अगं, एवढं कशाला?" आई म्हणाली. तरी आठवडाभराच्या जादा गोळ्या ठेवल्याच. विमान लांबलं तरी तिचा एकही डोस चुकायला नको.