उंच माणसानं पहिली गाडी कुठली घ्यावी? तुम्ही विचारलंत म्हणून

माझी उंची सहा फूट तीन इंच. त्यामुळं साताऱ्यात पोवई नाक्यावर नुसता चहा पीत उभा असलो तरी कोणतरी आपल्या लांबड्या पोराला घेऊन येतं आणि विचारतं, दादा, याला पहिली गाडी कुठली बघू? मी तोंड उघडायच्या आत शेजारचा म्हणतो, बुलेटच शोभंल की याला!

शोभायचं नंतर बघू ओ, आधी शिकू तर दे. बुलेटच्याच कंपनीच्या, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चं वजन 195 किलो, स्प्लेंडरचं 112 च्या आसपास, आणि सीटच्या उंचीत फरक किती तर 805 आणि 785 मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटर. नवशिक्याची गाडी उभ्या उभ्या कलंडते, यू टर्न घेताना नाहीतर स्टँडवरून काढताना, आणि ती कलंडली की तुमचे पाय किती लांब आहेत हे ती विचारत नाही.

मी शिकलो पप्पांच्या शंभर सीसीवर. लायसनच्या टेस्टला आठ काढायचा होता, डावीकडं हँडल पूर्ण वळवलं आणि त्याचं टोक येऊन गुडघ्यालाच टेकलं, हँडल पुढं जाईना, पाय खाली, नापास. आठवड्यानं परत गेलो, दोन्ही गुडघे बाहेर फेंगाडून आठ काढला, बघणारे हसत होते, पण पास झालो.

तेव्हापासून मी सीटची उंची नंतर बघतो. आधी गाडीवर बसायचं, दोन्ही पाय फूटरेस्टवर, कोणालातरी गाडी धरायला सांगायचं आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, गुडघ्याला लागतंय का बघायचं. सीट ते फूटरेस्ट हे अंतर खरं महत्त्वाचं, ते कमी असलं की गुडघे दुमडून बसावं लागतं, आणि ते ब्रोशरमधे छापलेलं नसतं. शोरूमवाले कोपऱ्यापर्यंत चक्कर देतात, त्यात काय कळत नाही. मित्राची तीच गाडी मागा, यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन या, गुडघे काय ते सांगतील.

नाव घ्याच म्हणत असाल तर हीरोची एक्सपल्स 200 4व्ही. सीट 825, हँडल रुंद आणि वर, वजन 160 च्या आसपास. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 ची सीट पण 825 च, पण 196 किलो, ती दुसरी गाडी म्हणून घ्या. एक्सपल्सच्या प्रो मॉडेलची सीट 891 आहे, पहिल्याच गाडीला ती नको.

आणि आहे तीच गाडी वापरायची असंल तर हँडलचे क्लॅम्प ढिले करून हँडल थोडं पुढं फिरवून घ्या (केबल ताणत नाही ना ते बघा), आणि गियर लिव्हर एक खाच वर बसवा, कारण माझ्यासारखा बारा नंबरचा बूट त्याच्याखाली जातच नाही.

मी सीटवाल्याकडून सव्वा इंच फोम पण वाढवून घेतला. गुडघ्यांना लै बरं वाटलं, पण मागं बसणारीचा विचारच केला नव्हता. आता मंडईला जाताना गाडी फुटपाथला चिकटवून लावतो, आई साडी सावरत फुटपाथवरून चढते आणि पार राजवाड्यापर्यंत त्या सीटवाल्याचा उद्धार करते.