ईटीसी फोल्डर गिटमध्ये ठेवा, आणि बदलाचं कारण पण लिहा

आधी माझी पद्धत अशी की लिनक्स सर्व्हरवर ईटीसी फोल्डरमधल्या कुठल्याही कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलला हात लावायच्या आधी तिची कॉपी काढायची, नावाला डॉट बॅक जोडायचं, मग बॅक २, मग तारीख टाकून अजून एक, आणि सहा महिन्यांनी यातली चालणारी कुठली आणि फसलेली कुठली हे काही केल्या आठवायचं नाही.

एका अपग्रेडनंतर मात्र हे अंगाशी आलं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर मोठ्या फाइल अपलोडच होईनात, ४१३ एरर, म्हणजे फाइल लिमिटपेक्षा मोठी आहे. शोधता शोधता कळलं की लिमिट परत डिफॉल्टवर, म्हणजे १ एमबीवर गेलीये. अपग्रेड चालू असताना डेबियनने (सर्व्हरवरचं लिनक्स) विचारलं होतं की तुमची फाइल ठेवू का पॅकेजमधली नवीन घेऊ, आणि मी घाईत नवीन घेतली. माझी जुनी फाइल तिथेच शेजारी डीपीकेजी-ओल्ड नावाने पडलेली होती, पण ती अशी ठेवली जाते हेच माहीत नव्हतं, अख्खी दुपार गेली त्यात.

तेव्हापासून प्रत्येक सर्व्हरवर पहिलं काम म्हणजे एटकीपर टाकणं. जोई हेसने २००७ मध्ये लिहिलेलं छोटंसं टूल आहे, सगळं ईटीसी फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, ठेवतं. ॲप्ट (डेबियनचं पॅकेज इन्स्टॉल करायचं टूल) चालवलं की आधी तुमचे राहिलेले बदल कमिट करतं, म्हणजे गिटमध्ये नोंदवतं, आणि इन्स्टॉल झाल्यावर पॅकेजने केलेले वेगळे, त्यामुळे कुठला बदल आपला आणि कुठला पॅकेजचा हे सरळ दिसतं. नुसतं गिट का नाही? कारण गिट फाइलचा मालक कोण ते ठेवत नाही, परमिशनमधलं पण फक्त एक्झिक्युटेबल आहे की नाही एवढंच, आणि पासवर्ड ज्यात असतात ती शॅडो फाइल चुकीच्या परमिशनने परत आली तर पासवर्डचे हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) सर्व्हरवरचं कोणीही वाचेल. एटकीपर मालक आणि परमिशन वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. पण असे हॅश आणि की पण गिटमध्ये जातात, म्हणून ही रिपॉझिटरी (गिटमधला हा सगळा साठा) बाहेरच्या सर्व्हरवर पुश करताना, म्हणजे पाठवताना, शंभरदा विचार करा, प्रायव्हेट की एकदा कमिट झाली की नंतर फाइल डिलीट केली तरी हिस्टरीत राहतेच.

रोजचा ऑटोकमिट पण आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका प्लीज, त्यात काय बदललं ते कळतं, का बदललं ते नाही. मी आता बदल केला की लगेच कमिट करते आणि मेसेजमध्ये कारण लिहिते, 'लिमिट ५० एमबी केली, स्कॅन केलेल्या पीडीएफ अडकत होत्या' असं, एवढं पुरतं.