सेलोला जाताय? 'गावनिधी'चे पैसे दलालाच्या हातात ठेवू नका

इंडोनेशियात, मध्य जावातल्या सेलोबद्दल आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. योग्यकार्ता शहरातून गाडी ठरवताना कुणी 'गावातल्या म्हाताऱ्यांसाठीचा निधी' म्हणून वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. आमच्याकडून गाडीच्या दलालाने माणशी 2,00,000 रुपिया घेतले. आपल्या एका रुपयाला साधारण 180 ते 190 रुपिया मिळतात, म्हणजे डोक्यामागे हजार-अकराशे रुपये झाले. त्याने छापील पावतीसुद्धा दिली, वर डोंगराचं चित्र. गावात पोचल्यावर कळलं की असा निधी पाहुण्यांकडून कुणी घेतच नाही, आणि त्या माणसाला गावात कुणी ओळखतही नाही.

रकमेपेक्षा राग कशाचा आला ते सांगते. मी जुन्नर भागात बचत गटांच्या वह्या तपासण्याचं काम करते. दहा-दहा रुपये जमवून उभा राहिलेला पैसा किती जपावा लागतो ते रोज बघते. त्या गावात म्हाताऱ्यांसाठी पैसा खरोखरच जमतो, रोज रात्री जमतो, आणि त्याच्या नावावर शहरातला एक माणूस खिसा भरतो. परत आल्यावरही ते डोक्यातून जात नाही.

आता वाट. सेलो हे मेरापी आणि मरबाबू या दोन डोंगरांमधल्या खिंडीत आहे. मेरापी जिवंत ज्वालामुखी. 2018च्या मे महिन्यापासून त्याच्यावर चढाई बंद आहे, त्यामुळे 'वर नेतो' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. चढायचा तो मरबाबू, उंची 3,140 मीटरच्या वर. तारुबातांग गावाच्या गेंटिंग वाडीत बेस कॅम्प आहे आणि तोच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला दमाचा त्रास होणार नाही. या वाटेवर पाणी मात्र कुठेच नाही, एक टिपूस नाही. मुक्काम करणार असाल तर माणशी चार लिटर खालूनच उचला.

पोस म्हणजे वाटेवरचं ठाणं. पोस 1, पोस 2 जंगलातून जातात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न पोस 3 ते सबाना 1, म्हणजे पहिलं गवताळ पठार, या टप्प्याचा. चढताना चढ नुसता अंगावर येतो, पण उतरताना तो जीवघेणा आहे. तिथल्या कोरड्या दिवसांत, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, मातीचा पार फुफाटा झालेला असतो. घोट्यापर्यंत पाय रुततो आणि खालची जमीन घसाऱ्यासारखी सुटत जाते. बाजूला धरायला गवताच्या काड्या. पुढचा माणूस धुळीत दिसेनासा होतो आणि मागचा तुमच्यावर दगड सोडतो. आमच्यातल्या एकीचा गुडघा इथेच फिरला. सरळ उतार होता तिथे ती बसून घसरत आली आणि पोस 3 पासून दोन काठ्यांवर. तेवढंसं अंतर उतरायला आमची अख्खी दुपार गेली. काठ्या, नी-कॅप, नाका-तोंडावर बांधायला कापड आणि उंच गळ्याचे बूट नसतील तर या वाटेला जाऊ नका. शनिवार-रविवारी तर नकोच. तेव्हा योग्यकार्ता, सोलो, सेमारांगची कॉलेजची पोरं शेकड्यांनी येतात आणि धूळ खाली बसतच नाही.

माथा चांगला आहे, पहाटे समोर मेरापी धुमसताना दिसतो. बोरोबुदूरचा स्तूप, प्रांबाननची देवळंही बघून घ्या. त्यांच्यावर भरपूर लिहिलेलं आहे.

मैत्रिणीच्या गुडघ्यामुळे गेंटिंगमधला मुक्काम वाढला आणि त्यामुळेच पुढचं सगळं बघायला मिळालं. ज्या घरात उतरलो तिथल्या काकूंना सगळे 'बू' म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. घरात त्यांचे सासरे होते, 'एम्बाह', म्हणजे आजोबा. चुलीपाशी बसलेले असायचे. वरच्या वाड्यांमध्ये थंडी इतकी असते की पाहुण्यालाही आधी चुलीपाशीच बसवतात. बूंनी मैत्रिणीचा गुडघा चोळून दिला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. सकाळी त्यांच्याच मुलाने मोटरसायकलवरून सेलोच्या सरकारी दवाखान्यात नेलं. परदेशी माणसाला तिथे रोख पैसे भरावे लागतात. रक्कम किरकोळ होती, पावती मिळाली, पट्टी आणि गोळ्या मिळाल्या. तब्येतीचा दाखलाही अशाच दवाखान्यात मिळतो. चढाईच्या नोंदणीवेळी तो मागतात, तेव्हा आधीच करून घ्या.

बूंकडे स्वतःचं कार्ड होतं. 2014च्या 1 जानेवारीपासून इंडोनेशियात सगळ्यांसाठी एकच आरोग्य विमा आहे. सगळ्यात खालच्या वर्गाचा हप्ता महिन्याला 42,000 रुपिया, त्यातले 7,000 सरकार घालतं, आणि गरिबांचा सगळाच हप्ता सरकार भरतं. कार्ड बहुतेकांकडे असतं, पण डोंगरावरून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचायला गाडी लागते, सोबत राहायला माणूस लागतो, त्या दिवसाची मजुरी बुडते. हे विम्यात बसत नाही. ते गावाच्या वहीत बसतं.

ती वही मला गटप्रमुखांनी दाखवली. प्रत्येक तीस-चाळीस घरांचा एक गट असतो, त्याला 'एर्ते' म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला 'पाक एर्ते'. दुसऱ्या महायुद्धात 1942 ते 1945 जपानी सत्ता होती तेव्हा लोकांवर पाळत ठेवायला ही गटाची रचना आली. जपानी गेले, रचना राहिली, आणि आज तिच्यावरच निम्मं सामाजिक काम चालतं. गावाच्या तोंडाशी अजूनही पाटी दिसते की पाहुण्याने 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे. त्याचा कंटाळा करू नका. पासपोर्टची प्रत घेऊन पाक एर्तेंकडे जा, चहा घ्या, नाव लिहा. त्यानंतर तुमचं काही बरंवाईट झालं तर विचारणारं माणूस असतं. आम्ही दलालाची पावती तिथेच दाखवली. त्यांनी ती दिव्याखाली धरून दोनदा वाचली, आमच्याकडे परत दिली आणि आत जाऊन वही आणली. त्यांचा मुलगा इंग्रजीत सांगत होता, ते बोटाने ओळी दाखवत होते.

पैसा असा जमतो. प्रत्येक घराच्या दाराशी एक छोटासा पेला टांगलेला असतो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पेल्याला तार लावलेली, बस. पूर्वी त्यात मूठभर तांदूळ ठेवत, आता बहुतेक घरं 500 रुपियाचं नाणं टाकतात, म्हणजे आपले तीनेक रुपये. रात्री पाळीचे गस्तवाले निघतात आणि पेले रिकामे करत जातात. मी एका रात्री त्यांच्या मागून चालत गेले. दोघं होते, एक तरुण आणि एक साठीचा. साठीचा पेला पिशवीत उपडा करायचा, तरुण टॉर्च दातात धरून वहीत खूण करायचा. एका अंधाऱ्या घराशी पेला रिकामा निघाला. तिथे एकट्या आजी राहतात, मुलगा जकार्ताला कामावर. वहीत आदल्या रात्रीचीही खूण नव्हती. दोघं हलक्या आवाजात काहीतरी बोलले आणि पुढे गेले. सकाळी बू त्यांच्याकडे डबा घेऊन निघाल्या तेव्हा मला उलगडा झाला. सलग दोन रात्री नाणं दिसलं नाही की दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन बघायचं, आजारी आहेत का, पडल्या आहेत का. उधारी कुणी मांडत नाही. आजींना ताप होता.

वहीत खर्चाच्या बाजूला मयतीच्या पांढऱ्या कापडाचे पैसे होते, दवाखान्यात भेटीला जाताना न्यायचं पाकीट होतं, गाडीचं पेट्रोल होतं, चटया आणि कपबशा दुरुस्त केल्याचा खर्च होता. महिन्याच्या बैठकीत हे सगळं मोठ्याने वाचतात. त्याच बैठकीत भिशी निघते. अगदी आपल्यासारखीच, चिठ्ठी काढून. मी इतक्या वह्या बघितल्यात, पण खाडाखोडीपाशी दोघांच्या सह्या असलेली वही क्वचित बघितली.

सरकारी पैशाचं विचारलं तेव्हा पाक एर्तेंचा चेहरा बदलला. 2007 पासून गरीब घरांना अटी घालून रोख मदत देणारी योजना आहे, नंतर तिच्यात म्हाताऱ्यांनाही घेतलं. यादी वरून येते. कुणाचं नाव का आलं आणि शेजाऱ्याचं का नाही, हे गावात कुणालाच सांगता येत नाही, आणि शिव्या मात्र पाक एर्तेंना खाव्या लागतात. 2005 मध्ये इंधनाचे भाव वाढवले तेव्हा वाटलेल्या रोख मदतीवरून कितीतरी गावांत भांडणं झाली, ग्रामपंचायतींवर दगड आले. गरिबांसाठीचा स्वस्त तांदूळ आला की जावातली पुष्कळ गावं तो सगळ्या घरांत सारखा वाटून टाकायची. अधिकारी त्याला गळती म्हणत. काही जिल्ह्यांत तर मदत घेणाऱ्यांच्या भिंतीवर 'गरीब कुटुंब' असं रंगवलं. त्यावर कडी म्हणजे 2020 च्या डिसेंबरमध्ये कोरोनाकाळातल्या धान्याच्या पिशव्यांमागे लाच घेतल्याबद्दल खुद्द समाजकल्याण मंत्री जुलियारी बातुबारा पकडले गेले. पुढच्या वर्षी त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. माझं स्पष्ट मत आहे की तांदूळ सारखा वाटणारी गावं चुकत नव्हती. यादी दाखवणार नसाल, तर जिचा हिशेब सगळ्यांना समजतो अशी वाटणी लोक करणारच. सगळ्यात गरीब घराला त्यात कमी मिळतं हेही खरं, आणि त्याचा दोष यादी लपवणाऱ्यांवर आहे.

बू स्वतः म्हाताऱ्यांच्या मासिक तपासणीच्या स्वयंसेविका आहेत. आपल्या आशाताईंची आठवण येते, पण यांना मानधन जवळजवळ नाहीच. पडवीत वजनकाटा मांडला होता, रक्तदाबाचं यंत्र होतं, प्रत्येकाचं कार्ड. आजी-आजोबा नटूनथटून आले होते. शेवटी नारळाच्या दुधातली मुगाची गोड पेज सगळ्यांना. एम्बाहांचा दाब वाढलेला निघाला तर बूंनी सगळ्यांसमोर त्यांना खारवलेल्या मासळीवरून रागे भरलं. म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात ठेवणं इथे लाजेची गोष्ट समजतात. मला यात एक गोष्ट खटकली आणि ती लिहायलाच हवी. सगळी सेवा सुनांच्या आणि लेकींच्या अंगावर आहे. बू पहाटे गाईंचं करतात, दिवसा कोबीच्या शेतात असतात, संध्याकाळी सासऱ्यांचं आणि मध्येच वाडीचं. गस्तीला पुरुष जातात, त्यांना चहा-भजी पाठवतात बायकाच.

वेळ असेल तर मेरापीच्या पश्चिमेला मागेलांग जिल्ह्यातली गावं बघा. 2010 च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. धोक्याची हद्द 10 वरून 15, मग 20 किलोमीटर झाली आणि लोकांना पुन्हा पुन्हा हलवावं लागलं, काही जण तर गुरांना चारा घालायला परत वर गेले. त्यानंतर जिल्ह्याने वरच्या प्रत्येक गावाला खालच्या एका सुरक्षित गावाशी जोडून दिलं. कोण कुठे जाणार हे आधीच ठरलेलं. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये इशाऱ्याची पातळी वाढली तेव्हा वरच्या क्रिंजिंग गावची म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका आणि मुलं खालच्या देयांगान गावात गेली. कोरोना होता म्हणून तिथल्या सभागृहात कुटुंबागणिक आडोसे उभे केले होते. आपल्याकडे दरडीखालच्या वाड्यांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ही व्यवस्था जाऊन बघावी. मात्र सुट्टीच्या दिवशी जीपची सफर घेऊन जाऊ नका. त्या गाड्या आवाज करत फिरतात आणि तुम्हाला लाव्हाच्या दगडाशेजारी उभं करून फोटो काढतात, माणसं दिसत नाहीत.

मदत करायचीच असेल तर बेस कॅम्पच्या घरात जेवा, राहा, शिधा तिथूनच विकत घ्या आणि भाव पाडून मागू नका. ज्यांच्याकडे राहाल त्यांना पैसे देण्यापेक्षा साखर, चहा, तांदूळ नेलेलं चालतं. तुम्ही असताना गावात मयत झाली तर थोडा वेळ जाऊन बसा. पाकीट दाराजवळच्या पेटीत टाकतात, हातात देत नाहीत.

भारतीयांना विमानतळावरच 5,00,000 रुपियात 30 दिवसांचा व्हिसा मिळतो. योग्यकार्ताच्या नव्या विमानतळावरून शहरात यायला रेल्वे आहे, टॅक्सी करू नका. पुढे दलालाची गाडी टाळायची तर आधी बोयोलाली शहरात या. तिथून चेपोगोचा बाजार आणि तिथून सेलोची छोटी बस मिळते. ती सकाळीच पकडा, दुपारनंतरचा भरवसा नाही. 2,000 आणि 5,000 च्या सुट्या नोटा जवळ ठेवा. वर लाखाची नोट मोडून मिळत नाही.