तुम्ही विचारलंत म्हणून: 'मालक जबाबदार राहणार नाही'

ठाण्यात नौपाड्यात माझं पाट्यांचं दुकान आहे. दुकानांचे बोर्ड, बिलबुकं, सोसायट्यांच्या नोटिसा, सगळं करतो. पूर्वी ब्रशने रंगवायचो, आता प्लॉटर मशीन अक्षरं कापतं. चाळिशीत हुक्की आली म्हणून एलएलबीला नाव घातलं. दोन वर्षं झाली, तिसरं राहिलं ते राहिलंच. त्यामुळे बाजारात मला 'अर्धा वकील' म्हणतात, आणि ऑर्डर देऊन झाली की गिऱ्हाईक काउंटरवर रेलून तोच प्रश्न विचारतं: "काका, ही पाटी लावली की आपण सुटलो ना?"

पाटी कुठली ते सांगायला नको. 'गाडी स्वतःच्या जबाबदारीवर लावावी.' 'चप्पल हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' बारा बाय अठराचा सनबोर्ड, लाल अक्षरं. माझ्याकडे खपात पहिला नंबर 'येथे थुंकू नये'चा आणि दुसरा या घराण्याचा.

उभ्या उभ्या विचाराल तर उत्तर एवढंच की बहुतेक वेळा नाही सुटत. बसून ऐकणार असाल तर आधी माझीच गोष्ट सांगावी लागेल, कारण हे सगळं पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आलो होतो, तरी डोक्यात शिरलं ते माझा स्वतःचा बोर्ड पडला तेव्हा.

2019चा जून. राम मारुती रोडला लागून असलेल्या एका गल्लीत एका दुकानाला दहा बाय तीनचा ग्लो साइन, म्हणजे आत दिवे असलेला बोर्ड, बसवून दिला होता. पाऊस अजून लागला नव्हता. संध्याकाळी वारा सुटला आणि बोर्डाची एक बाजू निखळून खाली लोंबली. खाली एक गृहस्थ धुळीपासून आडोसा म्हणून उभे होते. घरी शिकवण्या घेणारे, हातात भाजीची पिशवी. फ्रेमचा कोपरा खांद्यावर बसला आणि कॉलर बोन मोडलं.

दुसऱ्या दिवशी शिडी लावून पाहिलं. जुन्या विटांची भिंत, वरून गिलावा. तिथे फास्टनर, म्हणजे भिंतीत घट्ट बसणारा बोल्ट, विटेत खोल रुतायला हवा. माझ्या फिटरने त्या बाजूला लाकडी गट्टू ठोकून नुसते स्क्रू मारले होते, कारण फास्टनर संपले होते आणि सकाळी दुकानाचं उद्घाटन होतं. "काका, दोन दिवसांत बदलतो," असं तो मला म्हणाला होता. मी "बरं" म्हटलं होतं. दोन दिवसांचे चार महिने झाले.

दुकानदाराच्या हिशेबनीसाचा फोन आला. मी बिलबुक काढलं. तळाला बारीक टायपात छापलेलं: 'फिटिंगनंतर आमची कोणतीही जबाबदारी राहणार नाही.' ही ओळ मीच कधीतरी दुसऱ्या प्रेसच्या बिलावरून उचलली होती. त्या रात्री त्या ओळीच्या भरवशावर मला चांगली झोप लागली, हे कबूल करतो.

सकाळी चहा घेताना उमगलं की ते बिल माझ्यात आणि दुकानदारात होतं. खांदा मोडलेल्या माणसाने ते पाहिलंही नव्हतं. त्याच्याशी माझा कसलाच करार नव्हता. आणि करार नसलेल्या माणसाचंही आपण काही देणं लागतो, त्यालाच तर इंग्रजीत टॉर्ट आणि आपल्या कायद्याच्या पुस्तकांत अपकृत्य म्हणतात. पेपर पहिल्याच वर्षी होता. मला चांगले मार्क होते.

त्या विषयाची सगळ्यांत प्रसिद्ध केस एका गोगलगायीची आहे. 1928 साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली. बाटली गडद काचेची. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं त्या बाईंचं म्हणणं. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईंचा दुकानदाराशी करार नाही आणि कारखानदाराशी तर मुळीच नाही. तरी 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च कोर्टाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की कारखानदाराने त्या अनोळखी बाईंची काळजी घ्यायला हवी होती. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी विचारलं की कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिलं की माझ्या कृतीचा ज्यांना इतका थेट फटका बसू शकतो की काम करतानाच ते माझ्या डोळ्यांसमोर असायला हवेत, ते सगळे. आपल्याकडे शेजारधर्म म्हणतात तो हाच, फक्त भिंतीला भिंत लागून असण्याची अट काढून टाकलेली. माझ्या बोर्डाखालून जाणारा प्रत्येक जण माझा शेजारी होता आणि मी स्क्रू मोजत होतो.

बाजारातल्या मित्रांनी एकेक सल्ला दिला. पहिला: "फिटर रोजंदारीवरचा ना? मग त्याची चूक, तुमची कशी?" हे चालत नाही. माझं काम, माझी शिडी, माझ्या सांगण्यावरून लावलेला बोर्ड. कामावर असताना नोकराने केलेल्या हयगयीला मालक बांधील असतो, मग पगार महिन्याचा असो की दिवसाचा. शिवाय इथे चूक निम्म्याहून जास्त माझीच होती, 'बरं' मी म्हटलं होतं.

दुसरा: "त्यांनी सिद्ध करावं की तुम्ही निष्काळजीपणा केलात." यावर 1863 सालची लिव्हरपूलची एक केस आहे, मला फार आवडते. रस्त्याने चाललेल्या माणसाच्या अंगावर गोदामाच्या खिडकीतून पिठाचं पिंप पडलं. कसं पडलं ते कोणी पाहिलं नाही. कोर्टाचं म्हणणं असं की पिंपं आपणहून खिडकीबाहेर येत नाहीत. कसं पडलं ते गोदामवाल्याने सांगावं. आपल्याकडे दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर 1951 साली कोसळलं आणि माणसं मेली. महापालिका म्हणाली, दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता. 1966 साली सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. ऐंशी वर्षांची इमारत, चुना मेलेला, वेळोवेळी तपासायचं काम तुमचं होतं. बोर्डही आपणहून पडत नाहीत. 13 मे 2024ला घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 जण गेले, त्या दिवशी आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने घरी जाण्याआधी मनातल्या मनात आपले बोर्ड मोजले असतील. मी तर मोजले.

तिसरा सल्ला एका शहाण्या माणसाने गंभीर चेहऱ्याने दिला: "पण तो तिथे उभा कशाला राहिला?" याला उत्तर नाही. फुटपाथवर.

चौथा सल्ला मात्र खराखुरा वकिलाचा होता आणि चुकीचा नव्हता. "हॉस्पिटलात जाऊ नका, लेखी काही देऊ नका, माफी मागू नका. कबुली दिलीत की ती तुमच्याच विरुद्ध वापरता येते." कायद्याने हे खरं आहे. मी दोन दिवस त्याचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण त्या गृहस्थांचं घर माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर होतं आणि आयुष्यभर त्या गल्लीतून जायचं टाळणं मला जमलं नसतं. याला नीतिमत्ता म्हणायचं की लाज, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "सर, स्क्रू चुकीचे होते. माझी चूक." ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नींनी विचारलं, "आता खात्री करूनच लावता ना?" आणि चहा ठेवला.

हॉस्पिटलचं बिल 42,000 झालं होतं, ते दिलं. सहा आठवडे शिकवण्या बंद, त्याचा आकडा ते सांगेनात. अपकृत्यात भरपाई म्हणजे नुसतं दवाखान्याचं बिल नव्हे. बुडालेली कमाई येते, सोसलेला त्रासही येतो. मुलांच्या फीचा अंदाज बांधून मीच एक पाकीट दिलं. दुकानदाराने काही दिलं नाही आणि पुढचा बोर्ड दुसरीकडून करून घेतला. तेही एक नुकसानच, पण त्याला दाद नाही. समोर स्वस्त डिजिटलवाला आला आणि माझी गिऱ्हाइकं गेली, तरी कोर्ट काही करत नाही. इंग्लंडात 1410 सालीच हे ठरून गेलंय: ग्लॉस्टरला नवी शाळा निघाली, जुन्या शाळेला फी निम्म्याहून खाली आणावी लागली, जुने मास्तर कोर्टात गेले आणि हरले. नुकसान झालं म्हणजे अन्याय झालाच असं नाही.

आता पुन्हा पाटीकडे. रस्त्यावरच्या माणसाचं समजलं, पण जो आपल्या दुकानात येतो, पाटी वाचतो, त्याचं काय? घोडबंदर रोडवरच्या हॉटेलवाल्यांना मी व्हॅले पार्किंगची, म्हणजे हॉटेलचा माणूस किल्ली घेऊन गाडी लावतो त्याची, कुपनं छापून देतो. मागे छापायचा मजकूर ठरलेला: गाडी मालकाच्या जोखमीवर. 1998 साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एकाने रात्री व्हॅलेच्या हातात किल्ली दिली, अशाच मजकुराचं कुपन घेतलं, बाहेर आला तर गाडी चोरीला गेलेली. प्रकरण सुप्रीम कोर्टात 2019ला निकाली निघालं. तुमच्या माणसाने किल्ली घेतली की गाडी तुमच्या ताब्यात. ती परत देता आली नाही, तर आधी तुम्ही हयगय केली नाही हे तुम्हीच दाखवायचं. आणि स्वतःच्या हयगयीपासून कुपनावरच्या ओळीने सुटका नाही. साठच्या दशकात मद्रास हायकोर्टापुढे लाँड्रीच्या पावतीचा असाच वाद आला होता. लाँड्रीने नवी साडी हरवली, पावतीवर छापलेलं की निम्मीच किंमत मिळेल. अशी अट मानली तर लाँड्रीवाल्यांना कपडे हरवणं फायद्याचं होईल, म्हणून कोर्टाने ती उडवली. 'विकलेला माल परत नाही' हेही तसंच. सदोष माल परत घ्यायला नकार देणं 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथेत बसतं. बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरतात. आवडलं नाही म्हणून परत आणलेली साडी वेगळी, फाटकी निघालेली वेगळी.

मग इतक्या पाट्या खपतात का? मला बरीच वर्षं प्रश्न पडायचा. उत्तर काउंटरमागे उभं राहूनच मिळालं. ही पाटी कोर्टासाठी नसतेच. गिऱ्हाईक तणतणत परत येतं, मालक बोट वर करून पाटी दाखवतो, गिऱ्हाईक वाचतं आणि गप्प होऊन निघून जातं. कोर्टात न टिकणारी पाटी दुकानात धडधडीत टिकते, कारण छापलेलं म्हणजे कायदा अशी आपल्या लोकांची समजूत आहे. दावा लावायचा तर कोर्ट फी, तारखा, वर्षं, हे मालकाला माहीत असतं. म्हणजे कायद्यात हरणारा मालक व्यवहारात रोज जिंकतो. आणि ती समजूत लाल अक्षरांत, चौरस फुटाच्या भावाने, मी विकतो. माझं पोट त्यावर चालतं, म्हणून दुसऱ्याला नीती शिकवायला जात नाही.

एक फरक मात्र मी प्रत्येकाला सांगतो. 'फरशी ओली आहे' ही पाटी वाचून माणूस जपून चालतो. 'पडल्यास मालक जबाबदार नाही' ही वाचून कोणी जपून चालत नाही, उलट ती उद्या तुमच्याच विरुद्ध बोलू शकते, की फरशी निसरडी आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि पुसायच्या ऐवजी पाटी लावलीत. महापे-तुर्भे पट्ट्यातले रसायनवाले आले की त्यांना तर कुठलाच मजकूर सुचवत नाही. दिल्लीत डिसेंबर 1985ला श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, भोपाळला जेमतेम वर्ष झालं होतं. त्यावर सरन्यायाधीश भगवती यांच्या खंडपीठाने पुढच्या डिसेंबरात सांगितलं की घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपेक्ष. आम्ही सगळी काळजी घेतली होती, ही सबबसुद्धा ऐकायची नाही. तिथे सनबोर्ड काय करणार?

माझ्या बिलावरची ती ओळ मी काढली. त्या जागी आता भिंतीचा प्रकार, फास्टनरचा साइझ आणि नग लिहितो आणि खाली 'मे महिन्यात एकदा तपासून घ्या, येतो, पैसे नाहीत' असं छापलंय. दहातले तीन बोलावतात. बाकीच्यांकडे मी न बोलावता जातो, शक्य तितक्यांकडे.

गेल्या आठवड्यात कोलशेत रोडचा एक जिमवाला आला. 'व्यायाम स्वतःच्या जबाबदारीवर करावा.' दोन नग. मी त्याला म्हटलं, वजन उचलताना पाठीत चमक भरली तर एक वेळ चालेल ही पाटी, माणूस ती जोखीम ओळखूनच येतो. पण मशीन ठीक आहेत ना? तो म्हणाला, "एका केबलचे तार सुटलेत काका, पार्ट मागवलाय."

मी प्लॉटरवर आणखी एक मजकूर चढवला: 'मशीन बंद आहे.' तो म्हणाला, याचे पैसे देणार नाही. नको देऊ म्हटलं. तिन्ही पाट्या घेऊन गेला.