अण्णा घसरले नव्हते

गेल्या आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला अण्णा मोरीच्या दाराशी पडले. भिवईवर खोक पडली, तीन टाके. कोणी विचारलं की मी सांगायचे, "पाय घसरला." अण्णाही तेच सांगायचे. मग आम्ही मोरीतली गुळगुळीत फरशी काढून खरखरीत बसवली, भिंतीला स्टीलचा दांडा लावला, दारातलं पायपुसणं काढून टाकलं. हे सगळं करायलाच हवं होतं, आज कोणी विचारलं तरी करा म्हणेन. पण महिन्याभरात ते पुन्हा पडले, आणि या वेळी देवघरासमोर. कोरडी फरशी, भर सकाळ, पायात काही नाही. पूजा आटोपून पाटावरून उठले आणि तिथेच कोसळले.

त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून नीट विचारलं. "अण्णा, तुम्ही घसरलात, की आधी काही झालं?"

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अंधारी आली गं. उठलं की येते. पाच-सहा महिने झाले."

पाच-सहा महिने! आणि घरात कोणालाच माहीत नाही. "चक्कर येते म्हटलं असतं तर तुम्ही मला प्रीतिसंगमावर एकट्याला जाऊ दिलं असतं का?" हे त्यांचं उत्तर. कराडात राहणाऱ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाची संध्याकाळ म्हणजे कृष्णा-कोयनेचा तो घाट आणि तिथले चार दोस्त. ती जाईल या भीतीने ते 'घसरलो' म्हणत राहिले, आणि तो शब्द आम्ही बिनघोर उचलला.

नव्या डॉक्टरांनी अण्णांना आधी पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि बीपी घेतला: 152/84. मग उभं केलं, मी शेजारी धरायला. एका मिनिटाने 118/70, तीन मिनिटांनी 122/72. वरचा आकडा 34 ने खाली! उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर तो आजार धरतात. इतक्या वर्षांत अण्णांचा बीपी शेकडो वेळा घेतला गेला असेल, पण दर वेळी खुर्चीत बसवून. बसलेला आकडा जास्त दिसायचा, म्हणून गोळी वाढत गेली होती.

डॉक्टरांनी कागदावर माणूस काढून समजावलं. आपण उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना दाब कमी झाल्याचं क्षणात कळतं, त्या मेंदूला कळवतात, मग हृदय जोरात धावतं, पायांतल्या वाहिन्या आवळतात. वय वाढलं की हा निरोप उशिरा पोचतो. त्यात अण्णांचा मधुमेह बावीस वर्षांचा, त्याने याच नसा दुखावलेल्या. उभं राहिल्यावर त्यांची नाडी 72 वरून जेमतेम 76 झाली होती. डॉक्टरांनी त्या आकड्याभोवती गोल केला. इतका दाब उतरल्यावर ती चांगलीच वाढायला हवी होती.

मग गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. प्रोस्टेटसाठी रात्रीची टॅम्सुलोसिन होती, तीही उभं राहिल्यावर दाब उतरवू शकते. वर अण्णा रात्री उठावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नव्हते. एकादशीला तर दिवसभरात दोन-तीन पेले पाणी, आणि गोळ्या मात्र सगळ्या वेळेवर. ती पहाट मला तेव्हा उलगडली, आणि खरंच पोटात गोळा आला. भिवईऐवजी खुब्याचं हाड असतं तर?

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, टॅम्सुलोसिन महिनाभर बघून ठरवू म्हणाले. हे त्यांनी ठरवायचं. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आडवं असताना अण्णांचा दाब जास्तच असतो, हे विसरून चालत नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आल्या, पाणी दिवसा जास्त आणि झोपेच्या आधी कमी, पूजा स्टुलावर बसून. रात्री उशाशी लघवीचं भांडं. यावर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका थंडीच्या रात्री स्वतःच वापरलं.

तुमच्या घरात कोणी सत्तरीपुढचं असेल, तर घरातल्या डिजिटल मशीनवर हे एकदा करा. पाच मिनिटं आडवं, मग मोजा. उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. दंड छातीच्या पातळीत, कोणीतरी अगदी शेजारी, मागे खुर्ची. अंधारी आली तर लगेच बसवा. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि पडलेल्या माणसाला "घसरलात ना?" असं विचारू नका. शब्द त्यांचा त्यांना सापडू द्या.

उठण्याआधी पलंगाच्या कडेला बसून पावलं वर-खाली करायची, म्हणजे पोटऱ्या रक्त वर ढकलतात, असंही सांगितलं होतं. अण्णांना व्यायाम म्हटलं की कंटाळा. पण चाळीस वर्षं ते शिंपी होते. मी म्हटलं, "अण्णा, पायमशीन चालवा." त्यांनी पलंगावर बसल्या बसल्या पाय लावले, आणि पाठ आपोआप सरळ झाली.

आता पहाटे जाग आली की मला पलीकडच्या खोलीतून त्यांच्या टाचांचा जमिनीवरचा आवाज येतो. तो थांबला की मी कान देऊन असते. एखादा मिनिट काहीच नाही. मग दांड्यावर हात पडल्याचा आवाज येतो.